वारं पश्चिमेचं, पाऊस पूर्वेचा, हे काऊन?

धुऱ्यावरचा (दारव्हा)

रामराम मंडळी. बऱ्याच दिवसापासून डोक्यात आहे, आज टाकूनच देतो. आमच्याकडे मे महिन्यापासून वारं पश्चिमेचं. दिवसभर सुसाट. मृग गेला, आर्द्रा संपत आल्या, तरी तेच. पण पाऊस यायचा असला की बातमीत सांगतात, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि ते विदर्भाकडे सरकतंय. बंगालचा उपसागर तं आपल्या पूर्वेला. मंग वारं इकडून आणि पाऊस तिकडून, हे जमतं कसं?

त्यात परवा डवरणी करता करता वर पाहिलं तं खालचे काळे ढग पूर्वेकडे पळत होते, आणि त्यांच्याही लय वर जे विरळ पांढरे ढग होते ते उलटे, पश्चिमेकडे चालले होते. बैलं थांबवून पाहिलं. भास नव्हता.

शेजारच्या वावरातले काका म्हणतात, "पश्चिमेचं वारं जोरात सुटलं का पावसात खंड पडते." त्यांचं बरेचदा खरं निघते.

गरम हवा वर जाते आणि थंड हवा तिची जागा घेते, एवढं मलाही माहीत आहे. तेवढंच सांगून कोणी पळू नका.

एमपीएससी_पाचवा_अटेम्प्ट

पाठ आहे म्हणून लिहितो. विषुववृत्तावर कमी दाबाचा शांत पट्टा, ३० अंशांवर जास्त दाब, ६० वर कमी, ध्रुवांवर परत जास्त. ३० कडून विषुववृत्ताकडे व्यापारी वारे, ३० कडून ६० कडे पश्चिमी वारे, ध्रुवांकडून ६० कडे ध्रुवीय वारे. झाले ग्रहीय वारे. स्थानिक वारे म्हणजे खारे, मतलई, दरीय, पर्वतीय, लू, फॉन, चिनूक, बोरा, मिस्ट्रल. जोड्या लावा, २ गुण.

दारव्ह्याचा प्रश्न परीक्षेत आला तर मी "यांपैकी नाही" वर गोल करून मोकळा होईन.

आर्वीचे_गुरुजी

पाचवा अटेम्प्ट, तुझं पाठांतर चांगलं आहे. पण ते पट्टे नकाशावर खिळे ठोकून बसवलेले नाहीत, सूर्यामागे सरकतात. ते लक्षात घेतलं तर दारव्ह्याचं अर्धं कोडं इथंच सुटतं.

नागपूर २१ अंश उत्तरेला. पुस्तकाच्या हिशेबाने या अक्षांशावर ईशान्येकडून व्यापारी वारे यायला हवेत. हिवाळ्यात तसे येतातही. डिसेंबरात गव्हाला पाणी देताना अंगाला झोंबतं ते उत्तर-ईशान्येचं कोरडं वारं तेच. पण पुढे सूर्य उत्तरेकडे चढतो. २६ मेच्या आसपास नागपुरात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, काठी उभी केली तर सावली पडत नाही. विषुववृत्ताजवळचा तो कमी दाबाचा पट्टाही त्याच्या मागे उत्तरेकडे येतो. समुद्रापेक्षा जमीन लवकर तापते, त्यामुळे आपल्याकडे तो फारच वर चढतो. जुलैत त्याची रेषा राजस्थानातून गंगेच्या मैदानावरून बंगालच्या उपसागरापर्यंत पडलेली असते.

आता गंमत बघा. दक्षिण गोलार्धात, मादागास्करच्या पूर्वेला, मास्करीन बेटांच्या दक्षिणेकडे जास्त दाबाचं मोठं क्षेत्र असतं. तिथून आग्नेय व्यापारी वारे निघतात. ते विषुववृत्त ओलांडतात, सोमालियाच्या किनाऱ्याजवळ त्यांचा जोर होतो, तिथं ते उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्रावरून नैर्ऋत्य मोसमी वारे होऊन आपल्याकडे येतात. म्हणजे तुमच्या धुऱ्यावर जुलैत जे "पश्चिमेचं वारं" लागतं त्याचं मूळ दुसऱ्या गोलार्धात आहे.

उजवीकडे का वळतात हा प्रश्न माणसाला बराच काळ छळत होता. एडमंड हॅलीने १६८६ साली व्यापारी आणि मोसमी वाऱ्यांचा नकाशा छापला (धूमकेतूवाला हॅली तो हाच), पण वारे तिरपे का वाहतात हे त्याला नीट सांगता आलं नाही. ते १७३५ मध्ये जॉर्ज हॅडलीने पृथ्वीच्या फिरण्याशी जोडलं. पेशाने वकील होता, हवामान हा त्याचा छंद. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १६७० किमी वेगाने पूर्वेला फिरते, नागपूरच्या अक्षांशावर सुमारे १५६० किमीने. तिकडून उत्तरेला आलेली हवा आपला जास्तीचा वेग सोबत घेऊन येते, म्हणून इथल्या जमिनीच्या पुढे पूर्वेकडे, म्हणजे तिच्या उजवीकडे जाते. हॅडलीला दिसलं ते एवढंच. सरळ पूर्वेला किंवा पश्चिमेला जाणारी हवासुद्धा उत्तर गोलार्धात उजवीकडेच ढकलली जाते, हे मात्र त्याच्या मांडणीतून निघत नाही. त्यासाठी कोरिऑलिस या फ्रेंच गणितज्ञाचं १८३५ चं गणित लागतं. तो वाऱ्याचा अभ्यासही करत नव्हता, फिरणाऱ्या यंत्रांचा करत होता.

पाऊस पूर्वेकडून का येतो, ते हवेचं शिकलेल्यांनी सांगावं.

पऱ्हाटीवाला

गुरुजी, पृथ्वी १५६० नं फिरते तं आपल्याले तेवढं वारं काऊन लागत नाही? पऱ्हाटी तं जागच्या जागी उभी हाये.

अन् वावटळ कोन्या बाजूनं फिरते? आमची म्हातारी म्हणते का तिच्यात भूत असते, मधात जाऊ नका.

हवापाणी (मूळ मूर्तिजापूर, सध्या पुणे)

पहिल्याचं उत्तर सोपं आहे भाऊ. हवाही पृथ्वीसोबतच फिरते, पऱ्हाटीसोबत आणि तुमच्यासोबत. आपल्याला लागतो तो फक्त त्यातला फरक.

वावटळ दोन्ही बाजूंनी फिरते. चैत्र-वैशाखात नांगरलेलं उघडं काळं रान भयंकर तापतं, त्याला चिकटलेली हवा वरच्या हवेपेक्षा खूप गरम होते आणि एखाद्या जागी उसळून वर निघते. भोवतालची हवा आत धावताना जी थोडीशी गिरकी असते ती आवळत जाऊन जोर धरते. गिरकी डावी की उजवी, हे बांध, झाड, घर, आधीचा झोत यावर ठरतं. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम इतका हळू असतो की तो दिसायला हवा काही तास आणि शेकडो किलोमीटर वाहावी लागते. वावटळीचं आयुष्य काही मिनिटांचं. मोरीतलं पाणी उत्तर गोलार्धात एकाच बाजूने फिरतं ही व्हॉट्सॲपवरची गोष्ट याच कारणाने खोटी आहे.

म्हातारीचं मात्र ऐका. भूत नसलं तरी डोळ्यात जाणारे खडे आणि उडून येणारं टिनपत्र खरं असतं.

आता मूळ प्रश्न. तुम्ही वारा एक धरला आहे. आकाशात तो थराथराने वेगळा असतो. पावसाळ्यात आपल्या वर साधारण असं असतं: जमिनीपासून काही किलोमीटरपर्यंत पश्चिमेचा ओला वारा. त्यावर तो मंदावत जातो. आणि १४ ते १६ किमी उंचीवर थेट उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा जोरदार झोत, ताशी १०० किमीच्या वर. उन्हाळ्यात तिबेटच्या पठारावरची आणि उत्तर भारतावरची हवा खूप उंचीपर्यंत तापते, दक्षिणेकडे समुद्रावर तुलनेने थंड असते. त्या फरकातून हा झोत तयार होतो. पी. कोटेश्वरम या आपल्या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात तो ओळखला. तुम्ही बैलं थांबवून जे पांढरे ढग पाहिले ते बहुतेक एखाद्या मोठ्या गडगडाटी ढगाचा माथा होते. माथा त्या उंचीला पोचला की हा झोत त्याला पश्चिमेकडे ओढून नेतो. हिवाळ्यात याच आकाशात उलटं दिसेल. जानेवारीत वरचे विरळ ढग पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात, कारण तेव्हा उत्तर भारतावर पश्चिमी झोत असतो.

हे अंदाजाने नाही. नागपूरच्या हवामान केंद्रातून रोज पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास फुगा सोडतात. तो वर जाता जाता प्रत्येक उंचीवरचं तापमान, ओलावा आणि वारा कळवत राहतो.

आता कमी दाब. नदीला पूर असताना मध्ये भोवरा पडतो, तो आठवा. भोवऱ्यातलं पाणी गोल फिरतं, पण अख्खा भोवरा प्रवाहासोबत खाली जातो. काठाशी काडी टाकली तर ती कधी वरच्या अंगाला जाताना दिसेल, म्हणून नदी उलटी वाहते असं आपण म्हणत नाही. कमी दाबाचं क्षेत्र हा हवेचा भोवरा. शेकडो किलोमीटर रुंद, आपल्या गोलार्धात घड्याळाच्या उलट फिरणारा. तो अख्खा ओडिशा, छत्तीसगडवरून पश्चिम-वायव्येकडे सरकतो. तुम्हाला धुऱ्यावर लागतो तो त्याच्या फिरण्यातला एक तुकडा. भोवरा तुमच्या उत्तरेकडून, मध्य प्रदेशावरून जात असेल तर दक्षिण कडेचा वारा तुम्हाला मिळतो आणि तो पश्चिमेचाच असतो. अशा भोवऱ्याचा सगळ्यात जोराचा पाऊस बहुतेक वेळा नैर्ऋत्य अंगाला पडतो. म्हणजे आपल्यावर.

धुऱ्यावरचा

भाऊ, भोवऱ्याचं डोक्यात बसलं. मंग वाऱ्यावरून भोवरा कुठं आहे ते सांगता येते का?

हवापाणी

येतं. बायस बॅलट नावाच्या डच माणसाने १८५७ साली नियम मांडला. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. उत्तर गोलार्धात कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असतो. झाडं, घरं, डोंगर वाऱ्याला अडवतात, त्यामुळे जमिनीलगत तो थोडा केंद्राकडे वळतो, म्हणून डावा हात किंचित पुढे धरायचा. पाहून पाहा: वारा उत्तरेचा असेल तर तुमचं तोंड दक्षिणेला, डावा हात पूर्वेला, भोवरा छत्तीसगडकडे. वारा पूर्वेचा असेल तर तो दक्षिणेला, तेलंगणाकडे.

मे महिन्यात हा नियम लावू नका असं नाही, पण तेव्हाचा पश्चिम-वायव्य वारा पाकिस्तान-राजस्थानवरच्या तापलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याचा असतो. तो हलत नाही, बसून असतो. त्यातून पाऊस निघत नाही, झळा निघतात.

एमपीएससी_पाचवा_अटेम्प्ट

"वारा येईल तशी पाठ द्यावी" याला शास्त्रीय आधार मिळाला म्हणायचा. राजकारणी लोकांना हा नियम १८५७ च्या आधीपासून पाठ आहे.

झाडीची_लेक (पवनी)

आमच्याकडे भंडारा-गोंदियात पूर्वेचा वारा सुटला आणि आभाळ खाली आलं की रोवणीची घाई सुरू होते. वडील त्यावरच ठरवायचे. पश्चिम विदर्भातल्या लोकांना हे कमी अनुभवाला येत असेल, कारण हे भोवरे आधी आमच्यावर येतात आणि तुमच्यापर्यंत पोचेतो पुष्कळदा दमलेले असतात. तुमच्याकडे जो पश्चिमेचा वारा येतो त्याने आधीच सह्याद्रीवर पाणी टाकलेलं असतं, आणि डोंगर उतरताना कोरडी हवा दर १०० मीटरला साधारण १ अंश गरम होते. गडचिरोलीत बुलढाण्याच्या जवळजवळ दुप्पट पाऊस पडतो तो उगाच नाही. आमचं धान, तुमची कपाशी.

खंडाबद्दल कोणी लिहिलं नाही.

हवापाणी

ताई बरोबर. गुरुजींनी सांगितलेली राजस्थान ते बंगाल रेषा जागची हलते. ती दक्षिणेला आली की मध्य भारतात झड लागते. ती उत्तरेला सरकून हिमालयाच्या पायथ्याशी गेली की तिकडे पूर येतात आणि आपल्याकडे खंड पडतो. त्या काळात विदर्भात एकसुरी पश्चिमेचा वारा राहतो, दिशा न बदलता, दिवसेंदिवस. काकांचं निरीक्षण तिथून आलं असावं. पण जोरावर जाऊ नका. भोवरा जवळून जात असतानाही पश्चिमेचा वारा जोरातच असतो. बघायचं ते दिशा बदलते का. पश्चिमेचा वारा वायव्येला, मग उत्तरेला कलू लागला आणि पूर्वेकडे आभाळ दाटलं, तर काहीतरी येत आहे.

वैशाख_वणवा

एवढं सगळं कशाला, भेंडवळला घट आणि धान्य मांडून वर्षाचं भाकीत सांगतात, त्या घटमांडणीत अक्षय्य तृतीयेलाच कळते.

आर्वीचे_गुरुजी

घटमांडणी ही श्रद्धेची गोष्ट आहे. ज्याला पाहायची त्याने पाहावी. त्यात वारा मोजत नाहीत, आणि हा धागा वाऱ्याचा आहे. पुढे चला.

वावरवाली (वणी)

मले कामाचं विचारायचं हाये. फवारणी सकाळी करावी का दुपारी? सगळे सांगतात वारं नसताना करा. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन किती घरचे माणसं गेले, ते विसरता येत नाही. तवापासून मजूर बाई असो का घरचा गडी, मी आधी वारं पाहते. पण पाह्याचं काय, ते कोनी नीट सांगत नाही.

हवापाणी

ताई, हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

"वारं नसताना" हे अर्धवट सांगणं आहे. निरभ्र रात्री जमीन थंड होते, तिला लागलेली हवा थंड आणि जड होते आणि तिच्यावर गरम हवेचं झाकण बसतं. पहाटे वारं अगदी पडलेलं असतं ते यामुळे. अशा वेळी फवारलं तर बारीक तुषार वर जाऊन विरत नाहीत, खालीही लवकर बसत नाहीत. नाकातोंडाच्या उंचीवर तरंगत राहतात आणि हळूहळू उताराने शेजारच्या वावरात, विहिरीकडे, वस्तीकडे सरकतात. ओळखायची खूण म्हणजे धूर. चुलीचा धूर सरळ वर न जाता काही उंचीवर आडवा पसरून राहिला असेल तर पंप पाठीवर घेऊ नका.

ऊन चढलं की जमीन तापते, हवा वरखाली घुसळायला लागते आणि ते झाकण फुटतं. पण दुपारी हीच घुसळण दोन-तीन किलोमीटर उंचीवरचा जोराचा वारा खाली आणते. मेमध्ये दिवसा सुसाट आणि सूर्य बुडाला की चूप, ते याचमुळे. पावसाळ्यात ढगाळ दिवशी हा फरक कमी असतो.

तेव्हा बरी वेळ म्हणजे ऊन थोडं चढल्यावरची, जेव्हा पानं नुसती हलतात आणि वाऱ्याची दिशा ठरलेली असते. बारीक फांद्या हलायला लागल्या की थांबायचं. सुरुवात वारा ज्या धुऱ्याकडे जातो त्या बाजूने करायची, वारा कुशीवर घेऊन ओळीओळीने चालायचं आणि प्रत्येक फेरीला वारा जिकडून येतो तिकडे सरकायचं. मग फवारलेला भाग कायम तुमच्या वाऱ्याखाली राहतो आणि तुम्ही त्यातून चालत नाही. पऱ्हाटी छातीच्या वर गेली की रांगांच्या आत वारं लागतच नाही आणि तुषार तिथं कोंडून राहतात, तेव्हा वाऱ्यावर भरवसा ठेवू नका. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या हे वाऱ्याची दिशा बरोबर असली तरी लागतंच.

वावरवाली (वणी)

धुराचं पहिल्यांदाच ऐकलं. सकाळी सहाले फवारनारे आमच्याकडं बम आहेत. सांगते सगळ्याइले.

मेळघाटी

डोंगरात हे रोज डोळ्यांनी दिसतं. चिखलदऱ्याच्या खालच्या गावांत दिवसा वारा दरीतून वर चढतो, कारण उताराची जमीन आधी तापते. रात्री तोच वारा थंड होऊन खाली उतरतो, आणि पहाटे खालच्या वस्तीला वरच्यापेक्षा जास्त थंडी असते. वणवा विझवणारे यावर नजर ठेवतात. दुपारी आग उतारावरून वर धावते, तिच्या वरच्या अंगाला उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ. रात्री वारा उलटा फिरला की जाळरेषा (आग अडवायला मोकळा केलेला पट्टा) काढायला बरं पडतं.

पऱ्हाटीवाला

आखाड्या-आधी सांजच्याले जे वावधन येते, टिनं उडवते, पोल पाडते, ते कोनतं वारं? आधी घाम निघते, मंग एकदम थंड झोत येते अन् मातीचा वास.

हवापाणी

ते ढगातून पडलेलं वारं. मोठ्या ढगातून पाऊस खाली येताना वाटेतल्या कोरड्या हवेत त्याचं पाणी उडून जातं, त्याने हवा थंड आणि जड होते आणि दाणकन खाली कोसळते. जमिनीवर आपटली की चारी बाजूंना पसरते. तोच थंड झोत, आणि तो पावसाच्या पुढे धावतो. मातीचा वास जिथं पाऊस पडतोय तिथला, वारं तो आधी घेऊन येतं. या झोताची दिशा ढग जिकडे असेल तिकडून असते, तेव्हा पाठ आणि डावा हात इथं चालत नाही. झाडाखाली मात्र थांबू नका, वीज त्याच ढगात असते.

झाडीची_लेक (पवनी)

आणि फेब्रुवारी-मार्चची गारपीट? २०१४ ला राज्यभर झाली होती ती.

हवापाणी

त्यात तीन वारे भेटतात. खाली बंगालच्या उपसागराकडून आलेला दमट वारा, मध्ये वायव्येकडचा कोरडा, आणि वर तो हिवाळी पश्चिमी झोत, ज्याच्यासोबत भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात पाऊस आणणारे कमी दाबाचे पट्टे, येतात. विक्षोभ एरवी काश्मीर-पंजाबवरून निघून जातात. एखादा दक्षिणेपर्यंत वाकला आणि त्याच वेळी खाली ओलावा असला की आपल्या हरभऱ्याचं आणि संत्र्याचं काही खरं नसतं. खाली एक दिशा, वर दुसरी, त्यामुळे ढग तिरपा होतो, वर चढणारी हवा आणि पडणारा पाऊस एकमेकांच्या वाटेत येत नाहीत आणि ढग जास्त वेळ टिकतो. गारा मोठ्या व्हायला वेळ मिळतो.

धुऱ्यावरचा

मंडळी, आज सकाळपासून आमचं पश्चिमेचं वारं बंद. उत्तरेचं सुरू झालंय, पूर्वेकडे आभाळ भरलंय. पाठ करून उभा राहिलो, डावा हात पूर्वेला जरा पुढे.

झाडीची_लेक (पवनी)

आमच्याकडे ईशान्येचं. माझा डावा हात आग्नेयेला.

आर्वीचे_गुरुजी

वा! दोघांच्या रेषा नकाशावर काढल्या, हात किंचित पुढे धरून. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाशी, बस्तरच्या बाजूला छेदतात. हवापाणी, खात्याचा नकाशा काय म्हणतो?

हवापाणी

तिथंच आहे गुरुजी. थोडा आणखी पूर्वेला, पण तिथंच. पश्चिम-वायव्येला सरकतोय.

पऱ्हाटीवाला

म्हणजे युरिया आज टाकू का थांबू?

हवापाणी

थांबा. जोराच्या पावसात अर्धा वाहून जाईल. जिल्ह्याचा अंदाज दुपारी पुन्हा पाहा आणि पाऊस उघडल्यावर वाफसा आला की टाका.